आधी मांगर, मग घर

गोव्यातल्या फोंडा तालुक्यातून आलेलं हे पत्र थोडं आटपून देतो आहे.

‘नमस्कार. आजोबांनी वाढवलेलं आमचं कुळागर (झरीच्या पाण्यावरची सुपारी-नारळाची बाग) आहे, वरच्या अंगाला काजूची मोरड (कोरडवाहू जमीन). सगळं मिळून पंधरा हजार चौरस मीटर. आजी-आजोबा आता नाहीत. बाबा (वय ६८) आणि आई गावातल्या जुन्या घरात राहतात, ते काकांबरोबर सामाईक आहे. आत्या म्हापशाला असते. मी, माझे यजमान आणि दोन मुलं फोंड्यात फ्लॅटमध्ये राहतो. भाऊ पुण्यात नोकरीला, धाकटी बहीण सावंतवाडीला दिलेली. कुळागरात आम्हा सगळ्यांचं मिळून एक घर व्हावं अशी फार दिवसांची इच्छा आहे. मधे राजांगण, भोवती सहा खोल्या, शेजारी गोठा. कर्ज काढायचं नाही, दरवर्षी जमेल तेवढं बांधायचं, दहा वर्षं लागली तरी चालतील. हातात आठ लाख आहेत, भाऊ दर दिवाळीला दोन लाख देणार म्हणतो. कंत्राटदार सांगतो की सगळ्या घराचं जोतं एकदमच घालून घ्या, स्वस्त पडेल. बाबा म्हणतात आधी गोठा. भाऊ म्हणतो आधी आर्किटेक्टकडून पूर्ण नकाशा. जमीन अजून आजोबांच्याच नावावर आहे, पण आमच्यात वाद काही नाहीत. सुरुवात कुठून करू?’ – शर्मिला (नाव बदललं आहे)

शर्मिलाताई, आधी कंत्राटदाराचं बघू, कारण दसरा झाला की तो जेसीबी घेऊन येईल. त्याला नाही म्हणा. सगळ्या घराचं जोतं एकदम घालू नका.

हिशेबाने तो खोटं बोलत नाही. जेसीबी एकदाच येतो, खडी-रेती एकदम उतरते, माणसांची टोळी एकाच कामावर बसते, त्यामुळे दर थोडा कमी पडतो. पण हा हिशेब एका दमात पुऱ्या होणाऱ्या घराचा. तुमच्या घराला दहा वर्षं लागणार, म्हणजे दहा पावसाळे काढायचे. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. उघड्या जोत्यातला भराव एकीकडे बसतो, दुसरीकडे तसाच राहतो. चिऱ्यांच्या (जांभा दगडांच्या) सांध्यांतला माल धुपतो, तिथे पिंपळ रुजतो आणि त्याची मुळं चिरे फाकवतात. पुढच्या खांबांसाठी वर काढून ठेवलेल्या सळ्या गंजून बारीक होतात. आठ लाख जमिनीत गेलेले असतात आणि पाऊस आला तर उभं राहायलाही आडोसा नसतो. रानात गेलेली अशी जोती मी बरीच पाहिली आहेत. ज्यांची आहेत ते लोक त्या बाजूला फिरकायचंही टाळतात. मला तुमच्या घराच्या वाट्याला हे यायला नको आहे.

तेव्हा एका मोसमात जेवढ्यावर कौलं चढतील तेवढंच खणायला घ्या. दसऱ्यानंतर सुरू झालेलं काम मिरगाआधी छपराखाली यायला हवं, आणि त्याच पावसाळ्यात ते वापरात यायला हवं. मी सांगणार ते बाकीचं सगळं यातूनच निघतं, कागदांचं आणि पैशांचंसुद्धा.

पहिल्या मोसमात मांगर, म्हणजे शेतावरचं छोटं घर, बांधा. दोन खोल्या, पुढे दहा फूट रुंद पडवी, मागे न्हाणी आणि संडास, वीज आणि पाणी. बस्स. बाबांचं अर्धं बरोबर आहे, शेताला लागतं ते आधी. पण गोठा बांधला की रोज पहाटे आणि संध्याकाळी तिथे माणूस हवं, आणि तुमच्यातलं कोणीच अजून तिथे राहत नाही. गुरं आणायची ती माणसं राहायला गेल्यावर. मांगराचा उपयोग मात्र पहिल्या दिवसापासून सुरू होतो. सुपारी उन्हात सुकायला चाळीस-पंचेचाळीस दिवस लागतात, तोवर रोज रात्री ती कुठेतरी आत न्यावी लागते. बागायतदार संस्थेत माल नेईपर्यंत गोण्या कोरड्या राहायला हव्यात. पुढच्या वर्षाची हत्यारं, पाइप, लाकूड आणि सिमेंट ठेवायला कुलपाची जागा हवी. (सिमेंट पावसाळ्यात साठवू मात्र नका. गोणीतल्या गोणीत दमट होऊन त्याची ताकद जाते. मे अखेर उरलेल्या गोण्या पडवीची लादी करून संपवा.) बाबांना दुपारी पाठ टेकायला खाट हवी. आणि मुलं शनिवार-रविवार तिथे राहू लागली की तुम्हाला कळेल, पहाटेचं ऊन कुठून येतं, वारा कुठल्या दिशेने, डास कुठे जास्त, रात्री गाडी कुठपर्यंत येते. सहा खोल्यांचं घर कसं असावं हे नकाशा काढणाऱ्यापेक्षा त्या दोन खोल्यांत काढलेला एक पावसाळा तुम्हाला जास्त नीट सांगेल.

भावाचं म्हणणंही मोडीत काढू नका. पूर्ण नकाशा हवाच, पण तो एका कागदावरचा. कोणतं छप्पर कुठे बसेल, कोणत्या वर्षी, जमिनीची पातळी किती, पाणी कुठून येईल, कुठून जाईल, एवढं त्यात हवं. स्वयंपाकघराच्या ओट्याचे आणि खिडक्यांच्या जाळ्यांचे नकाशे आज काढून घेऊन पैसे घालवू नका. नवव्या वर्षी तुमच्या गरजा वेगळ्या असतील.

आर्किटेक्टला एक गोष्ट मात्र पुन्हा पुन्हा सांगा. टप्प्याटप्प्याने वाढणारं घर गळतं ते दोन छपरांच्या सांध्यात, जिथे दोन उतार एकत्र येऊन पन्हळ होते. आपला पाऊस आणि फणसा-काजूचा पाला, दोन्ही त्या पन्हळीत जमतात. म्हणून पहिलं छप्पर उंच ठेवायचं, म्हणजे पुढच्या खोलीचं छप्पर त्याच्या वळचणीखाली सरकवता येतं आणि पाणी वरच्या कौलांवरून खालच्या कौलांवर पडून सरळ निघून जातं. राजांगणाच्या चार बाजू अशा एकेक करून चढवता येतात. नवी भिंत जुन्या भिंतीत घुसवू नका, मधे सांधा सोडा. दोन्ही भिंती वेगवेगळ्या वर्षी जमिनीत बसतात आणि एकत्र बांधल्या की हटकून तडा जातो. वळचण भिंतीच्या पुढे तीन फूट तरी यायला हवी, आणि पागोळ्या पडतात तिथे दगडी गटार.

आता जमीन. तुम्ही एका वाक्यात लिहिलंत, ‘जमीन अजून आजोबांच्याच नावावर आहे, पण आमच्यात वाद काही नाहीत.’ वाद नाहीत हीच वेळ आहे कागद करायची. वाद झाल्यावर तेच कागद वर्षानुवर्षं कोर्टात पडून राहतात.

पहिला प्रश्न बाबांना विचारा. ही जमीन आजोबांची मुळातली, विकत घेतलेली, की ते तिथे कूळ होते? १९६४ चा आपला कूळ कायदा आणि त्यातली १९७६ ची पाचवी दुरुस्ती यांमुळे कुळाच्या नावावर झालेली जमीन असेल, तर तिला १९९१ चा जमीन वापराचा कायदा लागतो आणि ती शेतीशिवाय दुसऱ्या कामाला वापरता येत नाही. असं असेल तर बाकीचा सगळा बेत वकिलापुढे ठेवूनच पुढे जा. म्हणून जमिनीच्या नोंदींचा एक-चौदाचा उतारा काढा आणि कुळाच्या रकान्यात कोणाचं नाव आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. कुळागरात पूर्वी कामाला असलेल्या कोणाचं घर असेल, तर मुंडकाराची नोंद आहे का तेही बघा. १९७५ च्या मुंडकार कायद्याने त्यांना त्यांच्या घरावर हक्क दिला आहे आणि तो मान्य करूनच तुमचा नकाशा काढायला हवा.

दुसरं, वारस. आजोबांच्या मागे तुमचे बाबा, काका आणि आत्या, तिघांचा हक्क सारखा. आपल्याकडे पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्यात मुलगी आणि मुलगा यांत फरक नाही, आणि २०१२ च्या वारसा कायद्यातही तेच आहे. सगळे एकमताचे असतील तर विशेष नोटरीसमोर वारसा दस्त करता येतो. वाटणी कोर्टातून करायची तर इन्व्हेंटरी. इन्व्हेंटरीत एकमत झालं नाही तर वारसांमध्येच बोली लागू शकते आणि ज्याची बोली जास्त त्याला ती मालमत्ता जाते. तुम्ही दहा वर्षं बांधलेलं घर त्या जमिनीवर उभं असेल, तर त्यात कोणाचा किती पैसा गेला हे तेव्हा सिद्ध करत बसावं लागेल. नावं लागली की मामलेदाराकडे म्युटेशन (नोंदींत नावबदल) करून घ्या आणि मगच चिऱ्यांची ऑर्डर द्या.

तिसरं आकडे. पंधरा हजारांचे तीन सारखे वाटे केले तर बाबांच्या वाट्याला पाच हजार मीटर. शेतजमिनीत फार्महाउस बांधायला किमान चार हजार चौरस मीटर जमीन लागते. म्हणजे बाबांच्या वाट्यात एक घर नियमात बसतं. पण ते पाच हजार पुढे तुम्हा तिघा भावंडांत वाटले, तर प्रत्येकाकडे सतराशेसुद्धा राहत नाहीत आणि कोणालाच परवानगी मिळणार नाही. तुम्ही ‘सगळ्यांचं मिळून एक घर’ हे मायेपोटी लिहिलंत, पण कायद्याच्या बाजूनेही तोच एक रस्ता आहे. जमीन एकत्र ठेवायची आणि हिस्से कागदावर ठरवायचे. भावाला हे गणित मांडून दाखवा. उद्या कोणी ‘माझा तुकडा मला द्या’ म्हणालं, तर काय गमवावं लागेल हे सगळ्यांना आजच कळलेलं बरं.

आणि शर्मिलाताई, तुमच्या पत्रात वहिनीचा उल्लेख एकदाही नाही. भावाचं लग्न गोव्यात नोंदवलेलं असेल आणि त्या वेळी वेगळा करार केला नसेल, तर त्याच्या मालमत्तेत तिचा निम्मा वाटा आहे आणि तिच्या सहीशिवाय पुढे काही हलणार नाही. तुमच्या यजमानांचंही तसंच. पण कायदा बाजूला ठेवला तरी, पुण्याच्या घरखर्चातून दरवर्षी दोन लाख बाजूला काढायचे ते वहिनीने रोज हात आखडून. तिला विचारल्याशिवाय ठरलेला हप्ता तिसऱ्या वर्षी थांबतो, आणि थांबला की भाऊ बोलत नाही, तुम्ही विचारत नाही, आणि अबोला धरायला तेवढंच पुरतं. तिला घर कसं हवं, ती तिथे कधी राहील, मुलांच्या शिक्षणाच्या वर्षी हप्ता कमी द्यायचा का, हे तिच्या तोंडून ऐका. सावंतवाडीच्या बहिणीलाही बोलवा. ती पैसे घालणार नसेल तरी तिचा हक्क आहेच, आणि माहेरी तिची खोली कोणती हे तिला कोणी विचारलं तर तिला किती बरं वाटेल हे मी सांगायला नको.

टाउन प्लॅनिंगकडून झोनिंगचा दाखला घ्या, म्हणजे मोरड आणि कुळागर कोणत्या झोनमध्ये आहेत ते कळेल. मांगरालाही परवानगी लागते, ‘मांगरच तर आहे’ म्हणून कोणाचं ऐकू नका. पंचायतीच्या परवान्याला मुदत असते, म्हणून पहिल्या टप्प्याचाच परवाना घ्या आणि पुढचे टप्पे वेळ येईल तसे.

जागा कुठे? खाली कुळागरात नको. पोफळी-माडांखाली ओल जात नाही, ऊन येत नाही, आणि माडाखालच्या कौलांवर नारळ पडणारच. वर मोरडीच्या माथ्यावर उजेड आणि वारा आहे, पण पाणी खालून चढवावं लागेल. माझा कौल दोहोंच्या सीमेवर, काजू संपतात आणि उतार सुरू होतो तिथे. पण तुमच्या झरीचं पाणी येतं ते याच मोरडीवर मुरलेल्या पावसातून. जेसीबीने मोरड सपाट केली, वर सिमेंटचं अंगण केलं, की चार-पाच वर्षांत पाटाचं पाणी एप्रिलमध्येच आटलेलं दिसेल, आणि पोफळ एप्रिल-मेमध्ये पाण्याशिवाय जगत नाही. डोंगर कापायला टाउन प्लॅनिंग कायद्याच्या कलम १७अ नुसार परवानगी लागते. त्यापेक्षा उताराला उतार मानून पायऱ्यापायऱ्यांनी बांधा. खोली दोन फुटांनी खाली गेली तर बिघडत नाही, मुलांना चढायला-उतरायला मजाच येते. सेप्टिक टाकी झर आणि विहिरीपासून पन्नास फूट तरी लांब हवी, आणि त्यांच्या खालच्या अंगाला.

आता आषाढ आहे, म्हणून हे काम लगेच करता येईल. भरपूर पाऊस चालू असताना छत्री घेऊन बाबांबरोबर मोरडीवर जा आणि अर्धा तास उभ्या राहा. पाणी कुठून वाहत येतं, कुठे वळतं, कुठे तांबडं होतं (तिथली माती धुपते), कुठे स्वच्छ राहतं, कुठे पायाखाली गच्च लागतं आणि कुठे पाय रुततो. तिथे काठ्या ठोका आणि प्रत्येकीला रंगीत कापड बांधा. नोव्हेंबरमध्ये आर्किटेक्ट येईल तेव्हा जमीन कोरडी असेल आणि त्याला यातलं काही दिसणार नाही. काठ्या दाखवल्या की दिसेल.

मोसमाबद्दल एक गोष्ट तुमच्या ध्यानात आली नसावी. बांधकामाचे महिने तेच कुळागराचे महिने. सुपारी काढायची, सुकवायची, सोलायची ती नोव्हेंबर ते मार्च. काजू मार्च ते मे. आणि मेच्या शेवटी, कौलं चढवायची घाई असते तेव्हाच कोळेरोगासाठी पोफळींवर बोर्डो मिश्रण फवारायची वेळ येते. ती फवारणी चुकली तर पावसात सुपारी गळते, म्हणजे पुढच्या वर्षीच्या बांधकामाचा पैसाच गेला. घरासाठी कुळागर उपाशी ठेवू नका. त्यामुळे वेळापत्रक असं करा: खणणं आणि जोतं दिवाळी ते नाताळ, भिंती फेब्रुवारीअखेर, छप्पर शिगम्यानंतर लगेच. मार्चअखेर कौलं बसलीच पाहिजेत असं धरून चाला, म्हणजे एप्रिलपर्यंत रेंगाळलं तरी हरकत नाही. मे महिन्यावर अजिबात विसंबू नका. २०२५ साली मान्सून गोव्यात मेच्या शेवटच्या आठवड्यातच येऊन ठेपला होता, त्या वर्षी ज्यांची छपरं ‘मे अखेरीस’ होणार होती त्यांच्या भिंती भिजल्या.

चिरे बघायला कंत्राटदाराला एकट्याला पाठवू नका, बाबांना बरोबर घेऊन जा. खाणीवर ढिगातला एक चिरा उचला, हातोडीने टकटक करा. चांगला चिरा खणखणीत वाजतो, ठिसूळ असेल तर बद्द आवाज येतो. कापलेल्या तोंडावर पांढऱ्या शेडीचे (मऊ मातीचे) खड्डे असतील तर तो परत ठेवा, ती शेडी पावसाने धुऊन जाते आणि चिऱ्याला भोकं पडतात. मग तीन-चार चिरे घरी आणा, चांगले वाळवून वजन करा, चोवीस तास पाण्यात बुडवून ठेवा आणि पुन्हा वजन करा. वजन बारा टक्क्यांपेक्षा जास्त वाढता कामा नये, भारतीय मानकात तीच मर्यादा आहे. म्हणजे कोरडा तीस किलोचा चिरा भिजल्यावर तेहतीस किलो सहाशे ग्रॅमच्या आत राहायला हवा. बाहेर काढल्यावर त्याच्या कडा बोटाने दाबून बघा, भुगा झाला तर ती खाण सोडा. आणि नवा कापलेला चिरा लगेच भिंतीत लावायचा नाही, उघड्यावर उन्हावाऱ्यात राहिला की तो कडक होतो. म्हणून चिरे दसऱ्यालाच आणून रचून ठेवा. स्वतःच्या मोरडीतले चिरे काढायचा मोह होईल, पण त्याला खाण खात्याची परवानगी लागते आणि तुमची झर त्याच मोरडीवर अवलंबून आहे.

लाकडाचा विचार सर्वात आधी करायचा, आणि हे काम मी बाबांवरच सोपवलं असतं. तिसऱ्या वर्षी राजांगणाच्या पहिल्या बाजूला लागणारे वासे आणि चौकटी कच्च्या लाकडाच्या करून चालत नाहीत, त्या वाकतात आणि भुंगा धरतात. फणस, किंदळ, मट्टी, जे काही तुमच्याकडे उभं असेल त्यातलं कुठलं काढायचं हे बाबांना झाडं बघून कळेल. पण कुऱ्हाड लावण्याआधी १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली वनखात्याची परवानगी घ्या, झाड स्वतःच्या जमिनीतलं असलं तरी. मग चिरून घ्यायचं, मांगराच्या पडवीत मधे पट्ट्या घालून रचायचं, टोकांना चुना फासायचा, आणि दीड-दोन वर्षं तसंच राहू द्यायचं. मांगर आधी बांधायचं हेही एक कारण आहे. अडुसष्टाव्या वर्षी बाबांना चिरे उचलायला लावू नका, पण कुठला वासा कुठे जाणार हे त्यांनी खडूने लिहून ठेवलं, तर ते घर त्यांच्या हातचं होईल. काढलेल्या प्रत्येक झाडामागे दोन रोपं लावण्याचं काम नातवंडांना द्या.

पैशाबद्दल थोडक्यात. आठ लाखांतले सगळे मांगरात घालू नका, एक वर्षाचा कुळागराचा खर्च वेगळा राहू द्या, बागेत माणसं नेहमीप्रमाणे यायला हवीत. कंत्राटदाराशी पूर्ण घराचा करार करू नका. त्या मोसमाचाच करा, आणि शेवटचा हप्ता छप्पर झाल्यावर पहिला मोठा पाऊस पडेपर्यंत हातात ठेवा. हिशेबाची एक वही करा, मोबाइलमध्ये नको, कागदाची. तारीख, काम, रक्कम, कोणी दिली. ज्याने पैसे दिले नाहीत पण दिवस दिला, त्याचा दिवसही लिहायचा. बाबांनी आठवडाभर कामावर उभं राहून देखरेख केली, तुमच्या यजमानांनी रविवारी पाइप टाकले, तर ते त्या वहीत आलं पाहिजे, नाहीतर दहा वर्षांनी फक्त चेक लक्षात राहतात. दर चवथीला सगळे जमतात तेव्हा त्या वर्षाची पानं मोठ्याने वाचा आणि सगळ्यांनी सही करा, वहिनीने आणि भाओजींनीसुद्धा. ज्या वर्षी कोणाची अडचण असेल त्या वर्षी काही बांधायचं नाही असंही ठरवायला हरकत नाही. छप्पर पुरं झालेलं असलं की घर थांबू शकतं, त्याचं काही बिघडत नाही.

एक प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, तरी सांगतो. दहा वर्षांत आई-बाबा अठ्ठ्याहत्तरीच्या आसपास पोहोचतील. मांगरातली एक खोली आजच त्यांच्यासाठी धरून बांधा. दाराला उंबरा नको, संडासात भिंतीला धरायला दांडा, झोपल्या जागेवरून खिडकीतून कुळागर दिसेल अशी खिडकी. राजांगण होईल तेव्हा होईल. त्यांना तिथे राहायला त्याच्या आधी मिळायला हवं.

या महिन्यात तीनच कामं करा. एक-चौदाचा उतारा काढा. काका आणि आत्याकडे बाबांबरोबर स्वतः जा आणि तुमचा बेत त्यांना तुमच्या तोंडून सांगा, दुसऱ्याकडून कळायच्या आधी. आणि पुण्याला फोन लावाल तो वहिनीला लावा, चवथीला चार दिवस जास्त काढून यायला सांगा. उताऱ्यावर कुळाच्या रकान्यात काय लिहिलंय ते कळलं की मला पुन्हा लिहा. पुढे काय करायचं ते त्यावर ठरेल.